जवळचे रुग्णालय

(साने गुरुजींच्या स्मृतीनिमित्त माणगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आपल्याच तालुक्यात, वडघरला आहे. त्यामुळे गुरुजींच्या नावाने इथे बोलताना घरच्या माणसांत बोलल्यासारखे वाटते. पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर दलित बांधवांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले. दार सर्वांना सारखे उघडे असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज आपल्या गावात जात, ओळख, खिशातला पैसा यांतले काही न विचारता रात्री दोन वाजताही उघडे असायला हवे असे दार कोणते? माझ्या मते ते रुग्णालयाचे दार आहे, आणि आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. आजारी पडल्यावर रुग्णालय निवडता येत नाही. त्या वेळी नुसती धावाधाव होते. निवड घरातली माणसे धडधाकट असतानाच करून ठेवावी लागते. ती करताना पहिला विचार जवळच्या रुग्णालयाचा करावा. आणि जे निवडले ते वापरून, त्याला प्रश्न विचारून, त्याच्या पाठीशी उभे राहून आपणच सक्षम ठेवावे.

‘मुंबईला हलवा’

कोकणातल्या घराघरांत एक वाक्य ठरलेले आहे. म्हातारा बाप किंवा आई गावी, मुलगा मुंबईला. रात्री छातीत कळ येते, शेजारी फोन करतात, आणि पलीकडून उत्तर येते, “तिकडे कशाला ठेवताय? गाडी करा आणि मुंबईला आणा.” या वाक्यामागे प्रेम आहे, काळजी आहे. केईएम, जेजे, सायन या रुग्णालयांनी कोकणातल्या पिढ्यान्‌पिढ्यांना जीवदान दिले आहे. तो विश्वास कमावलेला आहे आणि मी त्याचा आदर करतो.

पण माणगावहून मुंबईचे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले, आणि तेव्हापासून या रस्त्याने आपली किती परीक्षा पाहिली हे इथे कुणाला सांगायला नको. गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात माणगावच्या बाजारपेठेतून बाहेर पडायलाच किती वेळ लागतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. पुण्याकडे जायचे तर ताम्हिणी घाट. पावसाळ्यात तिथे दरड केव्हा येईल याचा नेम नाही. २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी आठवा. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ आठवा. झाडे रस्त्यावर आडवी, विजेचे खांब कोसळलेले, फोन बंद. अशा दिवशी मुंबई असून नसल्यासारखी असते. जे जवळ आहे तेवढेच आपले.

अशी संकटे रोज येत नाहीत हे खरे. पण शरीराचे घड्याळ रोजच चालू असते. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की मिनिटामिनिटाला स्नायू मरू लागतो. ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत जितके लवकर मिळेल तितके हृदय वाचते, आणि ते देण्यासाठी अँजिओप्लास्टीचे केंद्रच लागते असे नाही. ईसीजी, औषध आणि ते देणारा जाणता डॉक्टर असला तर ते जवळच देता येते. पुढच्या मोठ्या रुग्णालयात जाणे त्यानंतर. बाळंतपणानंतर अंगावरून रक्त जाऊ लागले तर दोन-तीन तासांत बाई हातची जाते. हायवेवरच्या अपघातात रक्तस्राव थांबवणे आणि श्वासाचा मार्ग मोकळा करणे ही कामे पहिल्या तासातली. १९ जानेवारी २०२३ च्या पहाटे आपल्याच तालुक्यात रेपोलीजवळ ट्रक आणि व्हॅनची धडक झाली आणि अनेक प्रवाशांचे प्राण गेले. ज्या तालुक्यातून असा महामार्ग जातो तिथल्या रुग्णालयाचा अपघात विभाग हा आपल्याबरोबरच या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाचाही आधार असतो.

बिरवाडीहून लॅन्सेटपर्यंत

लहान ठिकाणी मोठे वैद्यक होत नाही, असा आपला एक ग्रह आहे. तो किती चुकीचा आहे याचा पुरावा आपल्या शेजारच्या महाड तालुक्यात आहे.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू तेव्हा माणसे मारत होता. विशेषतः लहान मुले. भाताच्या पेंढ्यात, दगडांच्या गडग्यात, घराच्या कौलांत तो असायचा. विंचू चावला की मांत्रिकाकडे न्यायचे, वेदना ‘उतरवायची’, आणि रात्री मूल गुदमरून जायचे. पाठ्यपुस्तकांत या मरणाचा उलगडा नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून रात्री काढल्या. नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचा गारठा, श्वास यांच्या नोंदी ते तासातासाने ठेवत गेले. त्यातून त्यांच्या लक्षात आले की विषामुळे शरीरात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. मूल मरते ते या पाण्याने.

मग त्यांनी रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी दिली. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. १९८६ साली हे काम ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. गंभीर विंचूदंशात शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास उतरले. पुढे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्येच प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरची लस दिल्यास काय होते याची रीतसर चाचणी केली. ती २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधे मिळालेले रुग्ण नुसत्या गोळीवरच्या रुग्णांपेक्षा लवकर बरे झाले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

ही हकिगत मी अभिमानासाठी सांगत नाही, जरी अभिमान वाटावा अशीच ती आहे. तिच्यात आपल्या विषयाचे सार आहे. हे ज्ञान मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात सापडणे अवघड होते, कारण विंचू चावलेले मूल तिथपर्यंत जिवंत पोहोचतच नव्हते. ते बिरवाडीला पोहोचत होते. ज्या भागात जो आजार, त्या भागातल्या डॉक्टरचा हात त्यावर बसलेला असतो. सर्पदंशाचेही तसेच आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर एकच लस चालते. आपल्याकडच्या फुरशाच्या आणि घोणसाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्याची चाचणी अगदी साधी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतले थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर लस सुरू करायची. नळी काचेचीच हवी आणि साबणाच्या पावडरीने धुतलेली नको, एवढे पथ्य. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दंश धड दुखतही नाही, आणि पहाटे पापण्या मिटू लागतात, श्वास बंद पडू लागतो. पावसाळ्यात असे रुग्ण नेहमी पाहणारी सिस्टर हे पाहताक्षणी ओळखते. तिचे हे शिक्षण जवळच्या रुग्णालयातच होते.

कोणत्या पायरीवर काय मिळते

जवळचे रुग्णालय वापरा म्हणजे सगळे तिथेच करून घ्या, असे मी म्हणत नाही. आपली आरोग्यव्यवस्था पायऱ्यांची आहे. तिची मूळ कल्पना १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातली. सर्वांत खाली उपकेंद्र: सपाटीवर पाच हजार, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला एक. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र: तीस हजारांना, डोंगराळ भागात वीस हजारांना एक. मग तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, त्यावर उपजिल्हा रुग्णालय, आणि आपल्यासाठी सर्वांत वर अलिबागचे जिल्हा रुग्णालय. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे, याचा अर्थ या शिडीची वरून दुसरी, सर्वांत जास्त भार घेणारी पायरी आपल्या दारात आहे.

ताप, जुलाब, खोकला, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या महिन्याच्या गोळ्या, लसीकरण, गरोदरपणाची तपासणी यासाठी गावाजवळचे आरोग्य केंद्र पुरते. उपजिल्हा रुग्णालयाकडे यायचे ते अडलेल्या बाळंतपणासाठी, मोडलेल्या हाडासाठी, अपघातासाठी, दंशासाठी, दाखल करून सलाईन लावायची गरज असलेल्या तापासाठी. अर्धांगवायूचा झटका आला असेल तर वेळ फार थोडा असतो. गुठळी विरघळवण्याचा उपचार साधारण साडेचार तासांच्या आत व्हावा लागतो आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. म्हणून स्कॅन आणि इंजेक्शन दोन्ही असलेले सर्वांत जवळचे ठिकाण कोणते, हे ज्या घरात रक्तदाबाचे रुग्ण आहेत त्या घराला आज माहीत असले पाहिजे.

उपजिल्हा रुग्णालय खरोखर किती सक्षम आहे हे इमारतीच्या रंगावरून कळत नाही. ते तीन गोष्टींवरून कळते. सिझेरियन चोवीस तास होते का? नवजात बाळाची काळजी घेण्याची सोय आहे का? रक्त साठवून ठेवण्याची व्यवस्था आहे का? यांपैकी सिझेरियन तर भूलतज्ज्ञावर आणि प्रशिक्षित परिचारिकांवर अवलंबून असते. शस्त्रक्रियेचे टेबल आहे, दिवे आहेत, शल्यचिकित्सकही आहे, पण भूल द्यायला कोणी नाही, म्हणून रुग्ण पुढे पाठवावा लागतो. ही महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांची कहाणी आहे. तेव्हा नव्या इमारतीच्या भूमिपूजनाला टाळ्या वाजवताना आपण एवढे विचारले पाहिजे, भूलतज्ज्ञाचे पद भरलेले आहे का?

घरात गरोदर बाई असेल तर सातव्या महिन्याच्या आत एकदा रुग्णालयात जाऊन या. प्रसूतिगृह पाहा. रात्री ड्युटीवर कोण असते ते विचारा. गावातल्या आशा कार्यकर्तीचा, म्हणजे आशाताईचा, नंबर मोबाइलमध्ये घ्या. १०२ ची गाडी गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी आहे, १०८ ची सर्व तातडीच्या प्रसंगांसाठी. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली, आणि या गाडीत डॉक्टर असतो. खासगी जीप करून रुग्णाला आडवे टाकून नेण्यापेक्षा प्राणवायू आणि डॉक्टर असलेल्या गाडीची थोडी वाट पाहणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

पुढे जाताना

काही रुग्णांना पुढे जावेच लागते. डोक्याची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार या गोष्टी तालुक्याला होणार नाहीत. पण पुढे जाण्याचीही रीत आहे. रुग्ण आधी स्थिर करायचा. रेफरच्या चिठ्ठीवर काय झाले, कोणती औषधे किती वाजता दिली, हे लिहून घ्यायचे. ज्या रुग्णालयात निघालो तिथे खाट आहे का, याचा फोन इथूनच करायची विनंती करायची. जुने केसपेपर, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवण्याची सवय घराला असली तर पुढच्या डॉक्टरचा तासभर वाचतो, आणि कधी त्या तासावरच सारे अवलंबून असते.

पैशाची माहितीही आधीच हवी. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत उपचार मोफत आहेत. राजीव गांधी जीवनदायी योजनेचा पहिला टप्पा २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत आपला रायगड होता. तीच योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. ती कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या उपचाराला लागू आहे, हे दाखल होण्याआधी योजनेच्या तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचे. मुंबई-पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. हा उपकार नाही, ही मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेली योजना आहे.

खासगी रुग्णालये आणि दवाखाने हेही आपल्या गावाचे आधारस्तंभ आहेत. अनेक कुटुंबांचा पहिला डॉक्टर तिथलाच. तिथेही निवड डोळसपणे करावी. नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का? २०२१ च्या नियमांनुसार शुश्रूषागृहात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे आवश्यक आहे. ते दिसते का? तातडीच्या रुग्णाला कायदेशीर सोपस्कारांच्या आधी उपचार मिळाले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. उपचारांची कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. हे शांतपणे, नम्रपणे आणि ठामपणे मागायला शिकू या. डॉक्टरवर हात उगारणे हा हक्क नाही; ज्या गावात डॉक्टरला मारहाण होते त्या गावात पुढचा डॉक्टर यायला धजत नाही, आणि त्याची किंमत पुढचा रुग्ण मोजतो.

रुग्णालय आपले कसे होते

आता माझ्या बोलण्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. वेल्समधल्या ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट हे डॉक्टर अनेक दशके काम करत होते. १९७१ साली त्यांनी एक निरीक्षण मांडले, ते जगभर मान्यता पावले. चांगल्या उपचारांची गरज जिथे सर्वांत जास्त असते तिथेच ते सर्वांत कमी उपलब्ध असतात, असा त्याचा आशय. रायगडच्या डोंगरातल्या कातकरी वाडीकडे पाहिले की हे पटते. पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर निघून जाणारे कुटुंब, कुपोषित मूल, अशक्त गरोदर बाई. या माणसांना मुंबई नाही, खासगी रुग्णालय नाही. त्यांना आहे ते फक्त जवळचे सरकारी रुग्णालय, आणि तिथेही काउंटरवर कुणी खेकसले तर ती परत फिरतात आणि पुन्हा येत नाहीत.

मग आपण, ज्यांना पर्याय आहेत, हे रुग्णालय का वापरायचे? कारण ज्या रुग्णालयात फक्त असहाय माणसेच जातात, तिथली तक्रार कोणी ऐकत नाही. शिक्षक, बँकेतला कर्मचारी, दुकानदार, सरपंच, पत्रकार ज्या ओपीडीच्या रांगेत बसतात, तिथला पंखा बंद पडला तर दुसऱ्या दिवशी चालू होतो, औषध संपले तर विचारणा होते, पद रिकामे राहिले तर बातमी छापून येते. विहीर उपसली तर पाणी गोड राहते, रुग्णालयाचेही तसेच. वापरात असलेल्या शस्त्रक्रियागृहाची यंत्रे चालू राहतात, परिचारिकेचा हात तयार राहतो. आणि त्याचा पहिला लाभ त्या कातकरी बाईला मिळतो, जिला तुमच्या-माझ्यासारखा पर्याय नाही. गुरुजींच्या स्मृतीला शोभेल असे याहून सोपे काम मला दिसत नाही.

हे करण्याची वाटही कायद्याने आणि धोरणाने उपलब्ध आहे. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने रुग्ण कल्याण समित्या आणल्या. या समितीत लोकप्रतिनिधी आणि नागरिक असतात, तिच्या हातात स्थानिक गरजांसाठी खर्च करण्याचा निधी असतो. आपल्या समितीत कोण आहे, ती शेवटची केव्हा भरली, पैसा कशावर खर्च झाला, हे किती जणांना माहीत आहे? महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. लोक आरोग्य केंद्रांची पाहणी करत, गुणपत्रक भरत, जनसुनवाई घेत, आणि डॉक्टर व गावकरी एका मांडवात समोरासमोर बोलत. अशा संवादातून बंद पडलेली उपकेंद्रे उघडली, आकारले जाणारे अनधिकृत पैसे थांबले. डॉक्टरांनाही आपल्या अडचणी, रिकामी पदे, मोडकी निवासस्थाने लोकांपुढे मांडता आली. लोक शत्रू नाहीत, हे त्यांनाही उमगले.

शेवटी या सभेपुढे तीन कामे ठेवतो. पहिले प्रत्येक घराचे. येत्या आठवड्यात एक कागद करा. त्यावर सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र, उपजिल्हा रुग्णालय, १०८, १०२, आशाताई, घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट आणि चालू औषधे लिहा, आणि तो कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. मुंबईच्या मुलाला त्याचा फोटो पाठवा, म्हणजे रात्रीच्या त्या फोनवर तोही म्हणेल, “आधी माणगावला दाखवा, मी निघतो.” दुसरे काम प्रत्येक गावाचे. ग्रामसभेत वर्षातून एकदा आरोग्यसेवेचा विषय घ्या: लस आहे का, गाडी येते का, रात्री डॉक्टर असतो का. तिसरे काम आपल्या सर्वांचे, म्हणजे या सभागृहाचे. दर तीन महिन्यांनी पाच-सात नागरिकांनी रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांना भेटायचे आणि दोनच प्रश्न विचारायचे: तुम्हाला काय कमी आहे, आणि त्यासाठी आम्ही कुणाकडे जायचे? उत्तर लिहून घ्यायचे आणि आमदार, जिल्हा परिषद, पालकमंत्री यांच्याकडे त्याचा पाठपुरावा करायचा.

या पाच-सात जणांची यादी आज सभा संपल्यावर याच व्यासपीठाजवळ करू या. ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी थांबावे. पहिले नाव मी माझे लिहितो.